पुढं काय

वाडीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी लिहिलेला
माझा पहिला प्रोग्राम असा होता :
एक यादी, तिच्यात फाटकातून येईल ते सगळं,
आणि प्रत्येकाला तेच विचारणं –
तू ट्रक आहेस का?
नाही? मग टेम्पो?
नाही? ट्रॅक्टर तरी?
जो ज्या खणात बसेल त्याला तिथलं भाडं.
कुठेच न बसणाऱ्यासाठी शेवटी एक ‘अन्यथा’.

‘अन्यथा’त मी काही लिहिलं नव्हतं.
वेळ नव्हता. आणि वाटलं, तिथवर कोण येणार आहे.

मे महिन्यात रात्री दीडला फोन वाजला.
कूलरचा पंप गुरगुरत होता, खसचा ओला वास,
आणि पलीकडून चौकीदार लोणारे ओरडून राहिले होते,
“मॅडम, ई-रिक्षा हाये, कांदे हायेत,
फाटक उघडून नाही राहिलं.
मांगं बावीस गाड्या उभ्या. मी का करू?”

यादीत तिला जागा होती.
प्रश्नांत नव्हती.

सकाळी इस्थर मॅडमनी कोड वाचला,
तर्रीपोह्यांचा चमचा तसाच हवेत.
“एवढं कोण-कोण काहून विचारत बसलीस?
गाडी आहे ना? मग तिलाच म्हण, भाडं सांग.
तिचं तिला ठाऊक असतं.”

मी हो म्हटलं, आणि मला
त्रिमूर्तीनगरातली गच्चीवरची खोली आठवली.
काकूंनी पाणी दिलं होतं, सोबत गुळाचा खडा.
नळ किती वाजता येतो ते सांगून झालं,
कपडे कुठल्या तारेवर वाळवायचे तेही.
मग सहज, पेला परत घेता घेता :
“प्रज्वला... पुढं काय?”

मी पुढचं सांगितलं.
काकूंचं हसू होतं तसंच राहिलं. फक्त
खोली कालच कुणीतरी पक्की करून गेलं होतं
हे त्यांना आठवलं.

त्यांच्या ‘अन्यथा’त मात्र
सगळं नीट लिहिलेलं होतं.

दोन दिवस लागले. एकेक ‘आहेस का’ खोडला.
आता ज्याचं भाडं तोच काढतो –
ट्रक चाकांवरून, टेम्पो खेपांवरून,
ई-रिक्षा पोत्यांवरून.
उद्या कुणी हातगाडी आणली
तर ती आपला हिशेब सोबत घेऊनच येईल.
यादी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही,
नुसती पुढं सरकते.
लोणाऱ्यांना यातलं काही सांगितलं नाही.
“झोप होऊन राहिली बाप्पा आता,” एवढं ते म्हणाले.

इथं थांबता आलं असतं.

पण सोमवारी नवा मुलगा आला,
खांद्यावरची बॅग अजून उतरवलेली नाही,
माझ्यासमोर हजेरीचं रजिस्टर, पेन टेकवलेलं,
आणि माझीच जीभ म्हणाली,
“सुहृद... पुढं काय?”

तो थांबला.
जेमतेम अर्धा श्वास.
त्या थांबण्याची लांबी मला तोंडपाठ आहे.

मी रजिस्टर मिटलं.
“राहू दे. ही यादी बघ,” म्हटलं,
“यातली हातगाडी तू लिही.”