पालथं फूल

एल्डरची फुलं धुवायची नसतात.
झुबका उलटा धरायचा, दोनदा झटकायचा,
किडे पडतात, पराग राहतो,
आणि चव म्हणजे तोच, पिवळा, बोटांना लागलेला.
हिरवे देठ मात्र कात्रीने काढायचे, ते पोटाला बरे नाहीत.
फॅल नदीकाठच्या कुंपणांतून
मंगळवारी, दव उडाल्यावर,
चाळीस झुबके तोडले, उशीच्या अभ्र्यातून घरी आणले.
साखर, पाणी, सहा लिंबं. दोन रात्री फडक्याखाली.

शनिवारी केरेन्साचा साखरपुडा.
होड्यांची शेड, ऐंशी माणसं,
डांबराचा वास अजून भिंतींना,
आणि टेबलामागे मी एकटी.

बर्फ गळ्यापर्यंत.
जिन दोन मापं, सरबत एक, लिंबाचा रस अर्धं.
काकडीची लांब चकती काचेला आतून चिकटवलेली.
वर सोडा, हळू, पेला तिरका करून.
शेवटी व्हायोलाचं फूल,
जांभळं-पिवळं, मिशा फुटलेल्या मांजराच्या तोंडासारखं,
छताकडे बघत तरंगणारं.

पहिली आली मेरॉड, नवरीची धाकटी बहीण.
मागे पाहिलं, मग टेबलावर वाकली:
"असंच दिसणारं दे. फक्त त्याच्याशिवाय."
कशाशिवाय, ते तिने म्हटलं नाही.
का, ते मी विचारलं नाही.
माझ्याकडे दुसरी बाटली होतीच, लेबल नसलेली:
ठेचलेले धने, रोझमेरीची काडी, लिंबाची साल, दोन मिरे,
रात्रभर गार पाण्यात.
जिन नाही. जिन खोलीतून नुकतीच उठून गेल्यासारखं काहीतरी.
तिच्या पेल्यात फूल मी पालथं टाकलं,
माझी मला खूण.

मग डेन्झिलकाका. "डॉक्टरचं खूळ," म्हणाला,
आणि खिशातलं कसलंसं गोल नाणं
बोटांनी फिरवत राहिला, पेला भरेपर्यंत.
पालथं.
जोरीला पहाटे चारला मॅकरेलसाठी होडी काढायची.
"पोरांना सांगू नकोस, जन्मभर छळतील."
पालथं.
नवरीची आई, इझेला, मोत्यांचे कानातले, ओठांवर नवीन रंग:
"मला चवच आवडत नाही गं. बावीस वर्षं आवडत नाही.
बावीस वर्षं कुंडीत ओततेय.
तीन जिरेनियम मेली माझी."
मी हसले नाही. हसू आलं होतं.

एकेकटे येत राहिले,
दारामागून, जिन्याखालून, सिगरेटच्या निमित्ताने,
प्रत्येकाचा आवाज तोच, चर्चमध्ये उशिरा शिरणाऱ्याचा.

साडेआठला कोणीतरी चमचा वाजवला.
ऐंशी पेले वर गेले.
बंदरावरचा उशिराचा उजेड एकाच रंगाने सगळ्यांतून गेला,
आणि मला इथून, फक्त मला, मोजता येत होतं.
एकोणीस पालथी.
एकोणीस झाकल्या मुठी, एकमेकींच्या शेजारी,
आणि प्रत्येकीला वाटत होतं,
या गर्दीत आपण एकटेच.

डेन्झिलकाकाने मेरॉडच्या पेल्याला पेला भिडवला.
"कडक बनवलीय हं पोरीने."
"हो ना," मेरॉड म्हणाली, "मला तर चढलीच."
आणि खरंच तिचे गाल लाल झालेले.

नऊ वाजता ती बिनलेबलची बाटली संपली.
जिनच्या चार तशाच उभ्या.
मागच्या अंगणातली रोझमेरी मी अंधारात चाचपडत तोडली,
धने होते, मिरे होते, रात्रभराचा वेळ नव्हता,
म्हणून मुठीत सगळं चुरडलं आणि तसंच पाण्यात सोडलं.
कोणी तक्रार केली नाही.
इझेलाने तर दुसरा मागितला, या वेळी जरा मोठ्याने.

खुर्च्या उचलल्यावर मीही एक भरला,
पायरीवर बसून प्यायले, पाय चपलेबाहेर.
कोणत्या बाटलीतला, ते राहू दे.
माझं फूल तोवर
काचेच्या कडेला उभंच चिकटलं होतं.