सोमवारी काढणे

रात्रीचे दोन दहा. महापे, एमआयडीसी, तळघर.
थंडी सर्व्हरसाठी, शाल माझ्यासाठी.
चौदा केंद्रांवर दिवसभर काढलेलं रक्त
आकडे होऊन इथे येतं,
आणि रात्री त्या आकड्यांची एक प्रत
दुसऱ्या डब्यात उतरते.
तेरा केंद्रं उतरली.
दिघा नाही.

शुक्रवारपासून नाही.
लाल चौकटीत एकच वाक्य:
क्लायंटशी जोडणी होऊ शकली नाही.
इतक्या सभ्य भाषेत तर
सोयरीकसुद्धा कोणी मोडत नाही.

विचारलं सगळ्यांना, विचारतात तसं,
काय बदललंत?
फायरवॉलवाला केणी म्हणाला, मी हातच लावला नाही.
दिघ्याची टेक्निशियन म्हणाली, मॅडम, मी फक्त स्क्रीन पुसते.
लाइनवाले म्हणाले, तिकीट काढा.
आणि मी? मी तर नाहीच नाही.

पिंग जातो, येतो.
पोर्ट उघडा. घड्याळं जुळलेली.
नाव विचारलं की पत्ता सांगतं,
पत्ता विचारला की नाव.
हाक मारली की ओ देतं हे मशीन,
काम सांगितलं की उठत नाही.

तीन वाजता मी स्विचला दोषी ठरवलं.
चोर सोडून संन्याशाला फाशी.
तो बिचारा हिरवा लुकलुकत राहिला.

मग दिघ्याची कालची फाइल आणि आजची
शेजारी शेजारी मांडली.
ओळीला ओळ, कान्याला काना.
फरक नाही.
परवाची. तीही तीच.
शेवटी फाइलीची तारीख पाहिली:
चौदा मार्च.

आज नोव्हेंबर आहे.

आठ महिने एक बदल त्या फाइलीत झोपून होता.
कुणीतरी लिहिला, साठवला,
सेवा पुन्हा सुरू करायची तेवढी राहून गेली.
प्रोग्रामला गंधही नाही.
तो आपलं जुनं पाठ केलेलंच म्हणत राहिला
रोज रात्री, बिनचूक.
शुक्रवारी दिघ्यात वीज गेली,
यूपीएसने बावीस मिनिटं दम धरला,
मशीन पडलं, उठलं,
आणि उठल्यावर पहिल्यांदा त्याने
आपल्याविषयी काय लिहिलंय ते वाचलं.

एकोणचाळिसावी ओळ. जुन्या मास्टरचं नाव,
जो आम्ही जूनमध्येच भंगारात घातला.
वर टीप:
तात्पुरते. सोमवारी काढणे. सु. वै.

सु. वै. म्हणजे मी.

पस्तीस सोमवार गेले.

चौदा मार्चला मी काय करत होते?
फोनमध्ये त्या दिवसाचा एकच फोटो,
गॅस एजन्सीची पावती.
आणि एक कॉल, भावाचा, त्रेचाळीस मिनिटं.
कशाबद्दल, ते आठवतं. कळव्याच्या खोलीबद्दल.
त्या रात्री मीही काही ठरवलं होतं,
ठरवून साठवलं होतं.
तेही अजून कुणी वाचलेलं नाही.

ओळ पुसली. नवं नाव लिहिलं.
या वेळी सेवा थांबवली,
दहापर्यंत मोजले, सुरू केली.
चार वाजून सहा मिनिटांनी
दिघा उतरायला लागलं,
हळू, जुन्या जिन्यावरून उतरल्यासारखं.

"झाला का गो, वैती बाय?"
तांडेल टेपची पेटी घेऊन दारात.
थांबा म्हटलं.
परत आणून पाहिल्याशिवाय प्रत ही प्रत नसते,
नुसती अफवा असते.
एक रिपोर्ट उलटा मागवला, हाताला येईल तो:
बाई, वय एकसष्ट,
क्रिएटिनिन चार दशांश दोन.
आला. दशांशासकट.
कोण असेल, झोपली असेल का,
हे विचारायची सोय या पडद्यावर नाही.

झालं, म्हटलं.

तांडेलने टेप पेटीत ठेवली,
कानामागचं पेन काढलं,
झाकणावरच्या चिठ्ठीवर तारीख घातली
आणि थांबला.
"वार कंचा आज?"

सोमवार, मी म्हणाले.