वाडीनाक्याच्या पुढे

सदरला, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावर आमची खोली.
खसचा कूलर, पाणी संपलं की नुसता गरम श्वास टाकणारा.
बोरकुटे मॅडमच्या टेबलापुढे तीन खुर्च्या,
कोपऱ्यात चौथी माझी, टाइप करणाऱ्याची.

हरियांबाई आल्या त्या भर मे महिन्यात.
पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी एक पिशवी,
आणि सगळ्यात आत मीरपूर माथेलोचा जन्मदाखला,
उजवीकडून डावीकडे चालणाऱ्या अक्षरांचा.
पासपोर्टची तारीख दोन उन्हाळ्यांपूर्वीच मेलेली.
नावं तीन कागदांवर तीन:
हरियां, हरी बाई, हर्या.

"यातल्या तुम्ही कोणत्या?"
"तिघी मिळून पापड लाटतो, वकीलबाई."

मी हसलो. मॅडमनं तिन्ही नावांखाली
पेन्सिलीनं रेघ मारली,
फार हलकी, खोडता येईल अशी.

मला वाटायचं, वकिली म्हणजे काळा कोट अन् मोठा आवाज.
इथं तर कलेक्टर कचेरीतल्या लिंबाखाली
दीड तास उभं राहायचं,
शिपायाला पोरीचे दहावीचे मार्क विचारायचे,
आणि आवक क्रमांक हातात पडेस्तोवर
जागचं हलायचं नाही.
मी शपथपत्र टाइप केलं:
वर नमूद तिन्ही नावांची व्यक्ती एकच असून
ती मी आहे.
बोटं थांबली.
ती मी आहे.
मलाच कोणी शंभराच्या स्टँपवर लिही म्हटलं असतं, तर?

मग बोटंच अडली. यंत्रावर ठसा उमटेना.
तेवीस वर्षं उडदाचं पीठ, मिरी, पापडखार.
रेषा झिजून गेलेल्या.
"काकू, दाबा नं जोरात," खिडकीतला पोरगा म्हणाला.
दाबलं. यंत्र म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा.

मॅडम म्हणाल्या, आठ दिवस लाटणं बंद, रात्री ग्लिसरीन.
"आठ दिवस? मग खाऊ काय?"
याला कुठलं पोटकलम नव्हतं.
मॅडम बराच वेळ कूलरकडे पाहत राहिल्या.
जरीपटक्यातल्या शेजारणींनी म्हणे
तिच्या वाटचा गोळा आपसात वाटून घेतला.
नवव्या दिवशी उजवी तर्जनी उमटली.
एकटीच. तेवढी पुरली.

अकरा वर्षं झाली तिला नागपुरात.
शहराची हद्द तीच तिच्या व्हिसाची हद्द.
पोरगी अमरावतीला दिलेली, तिचे दिवस भरत आलेले.
दीडशे किलोमीटर. मी तिथं लग्नाला जातो,
पंगत उठली की सुपारी चघळत रात्रीच परत येतो.
हिला वाडीनाक्याच्या पुढे अर्ज लागतो.

तीन पानं झाली. तिसऱ्यावर मी आपल्या मनानं घातलं,
"कृपया दया करून".
मॅडमनं ते खोडलं, पेनानं, जोर देऊन.
"तारीख लिही. डॉक्टरनं दिलेली तारीख.
दयेला उत्तर नाही दिलं तरी चालते त्यांना.
तारखेले द्यावंच लागते."

परवानगी आली. सात दिवस.
तोवर बाळ चार दिवसांचं झालं होतं.

सहाव्याच दिवशी हरियांबाई परत, आमच्या जिन्यात,
हातात अमरावतीच्या दुकानाचा पेढ्यांचा डबा.
"अहो, उद्यापर्यंत होती नं मुदत! कायले आल्या आज?"
"एक दिवस वाचवला," त्या म्हणाल्या,
"बारशाला कामी येईल."

मॅडमनं चष्मा काढला.
तोंड उघडलं,
दिवस असे शिल्लक राहत नाहीत, हे सांगायला.
मग मिटलं. एक पेढा उचलला, अर्धा मला दिला.
"नवीन अर्ज उघड," म्हणाल्या.
"बाई, बारसं कधी आहे?
तारीख सांगा."