रुमालाखालचा भाव

यंदा टेबलं मांडली नाहीत.
मागच्या वर्षीपर्यंत शाळेच्या हॉलमध्ये
एकोणीस टेबलं, एकोणीस कागद, सुतळीला बांधलेली पेनं,
आणि मी, संस्थेचा कारकून, भिंतीला टेकून,
कोण कुठल्या कागदापाशी रेंगाळतंय ते बघत.
मूक लिलाव म्हणायचे त्याला.
कर्णबधिर मुलांच्या शाळेनं मूक लिलाव करावा
यावर उदगिरात सगळ्यांचं हसून झालं होतं.
पाहुणे एकदा हसायचे, मग आकडा लिहायचे.

यंदा अध्यक्षांचा भाचा पुण्याहून आला,
म्हणाला, लिंक पाठवू, जग बोली लावेल.
मी चार दिवस फोटो काढत बसलो.
बिदरी सुरई, काळ्यावर चकाकी येत होती, तीनदा काढली.
डॉक्टर हुडेकरांनी कबूल केलेलं अक्कलदाढेचं फुकट ऑपरेशन,
त्याचा फोटो कसा काढणार? कवळीचा काढला.
शेषाबाईंचं पाच किलो करडईचं तेल.
टेलरचे दोन ब्लाऊज, माप घेणाऱ्याचं.
आणि सहावी-सातवीच्या मुलींनी शिवलेली वाकळ:
जुने गणवेश, हॉलचे पडदे, कुणाच्या आईची इरकल,
एका कोपऱ्यात उलटा पडलेला टाका.
हाताला कशी लागते
याला फॉर्ममध्ये चौकट नव्हती.
मी लिहिलं: रंगीत. धुता येते.

शनिवारी रात्री नऊला बंद होणार.
सातलाच मस्तानभाई ऑफिसात.
हाळीच्या बाजारात चाळीस वर्षं बैलांचे सौदे केलेला माणूस,
अन् दर वर्षी वाकळ त्यांचीच.
"माझं बी लाव त्या काचेत."
किती, विचारलं
तर खोलीत अजून कोण आहे ते बघितलं त्यांनी.
भाव काय तोंडानं सांगतात?
खांद्यावरचा रुमाल माझ्या हातावर टाकला
आणि आत बोटं धरली माझी,
दोन, मग चार, मग तळव्यावर एक टिचकी.
मला कळेना. मी जमाखर्चाच्या वहीतला माणूस.
सातवीतल्या श्रावस्तीला बोलावलं, कागदावर त्यांचा आकडा
दर वर्षी तीच लिहायची.
तिनं रुमालाखाली हात घातला.
दोघं एकमेकांकडे न बघता उभे.
मग हात काढून तिनं हवेत दाखवलं:
दोन हजार चारशे.
टाकले.

आठ पन्नासला कुणीतरी तीन हजार.
रुमाल.
तीन हजार दोनशे.
चार हजार.
रुमाल.
चार हजार शंभर.
आठ अठ्ठावन्नला साडेपाच.
मस्तानभाईंचा हात आत बराच वेळ राहिला.
श्रावस्तीनं मान हलवली.
आत एकही बोट नव्हतं.

नऊ वाजले. पडद्यावर फुगे उडाले.
दोन लाख सोळा हजार, आजवर कधी झाले नव्हते इतके.
कानाचे साचे, वर्षभराचे सेल,
वर गळक्या पत्र्याचंही निघेल.
अध्यक्षांचा फोन आला, मग भाच्याचा.
मी हो हो म्हणत होतो,
आनंद झालाच होता, खोटं कशाला.

मस्तानभाई रुमाल झटकत होते.
"घेतली कुनी?"
मी वाचून दाखवलं: व्हीके शहात्तर.
"नाव न्हाई इचारलं. हात कसा हाय मानसाचा?
सोडताना मागं घेतो का?
बैल देताना आमी तेवढंच बघतो."
मी स्क्रीन खाली सरकवली, पुन्हा वर आणली.
ते निघाले तेव्हा चहा द्यायचा राहिलाय
हे लक्षात आलं.

सोमवारी वाकळ पार्सल करायला घेतली.
खोक्यात मावेना, गुडघा देऊन दाबली.
बाणेर, अकरावा मजला.
श्रावस्ती चिकटपट्टी धरून उभी होती.
मी टोक मागितलं तर तिनं आधी
वाकळीच्या घडीखाली हात घातला,
मनगटापर्यंत,
आणि तसाच ठेवला.
काय, मी खुणेनं विचारलं.
तिनं माझ्याकडे असं बघितलं
जसं भर बाजारात भाव विचारणाऱ्या
परक्या माणसाकडे बघतात.
मग हात काढला.
मी पट्टी मारली.