शिशाचा मासा

जालन्यात, अंबड रोडवर, टायरच्या दुकानामागं
उस्मानचाचा चाकांची जुनी वजनं वितळवतो.
वर काळी साय येते, ती पळीनं सारतो.
"वाऱ्याकडं पाठ कर," म्हणतो, "धूर पिऊ नको."

साचा दोन दिवस उन्हात ठेवलेला.
एक थेंब जरी आत राहिला
तर शिसं उडतं तोंडावर.
त्याच्या भुवईतली खाच तशीच आलेली.

गळ बसवायचा, तारेचा डोळा,
चिमट्यानं दाबून ओतायचं,
पंधरा मोजायचे.
मी एकदा बारालाच उघडलं.
मासा निघाला बिनशेपटीचा.

साठ ग्रॅमचे, ऐंशी ग्रॅमचे,
सगळे हर्णैला जाणार, जावयाकडं.
खाऱ्या पाण्यातल्या सुरमईला म्हणे चमक लागते,
म्हणून चाचीचं गुलाबी नेलपॉलिश.

चाचानं समुद्र पाहिलेला नाही.
"किती खोल असंल?" मी विचारलं.
त्यानं एक मासा उचलला
आणि टाकीत सोडला,
जिथं आम्ही ट्यूबचं पंक्चर शोधतो.
टक्.
"याच्याहून जास्त," म्हणाला,
अन् पुढचा साचा गालाला लावला,
कोरडा आहे का बघायला.