एकतीस नंबर

धंतोलीत, बारापात्रे डॉक्टरांच्या दवाखान्यात
बाहेरच्या टेबलावर बसते ती मी.
नंबर देते, वजन करते, फोन उचलते,
कूलरमध्ये पाणी टाकते.
एकोणीस उन्हाळे झाले.

फोनवर लोक आधी आकडा सांगतात.
एकशे एक. एकशे दोन.
मी विचारते, खेळून राहिला का?
रिमोटसाठी भांडून राहिला म्हणाले,
तर पाणी पाजा, अंग पुसा, सकाळी आणा.
महिन्याभराचं आहे म्हणाले,
तर मी आकड्यासाठी थांबत नाही.
चपला घाला आणि निघा.
बरगड्या आत ओढून श्वास घेते म्हणाले, तरी निघा,
रात्रीचे दोन वाजले असले तरी.

हे मला कोणत्या कॉलेजात शिकवलं नाही.
पहिल्याच आठवड्यात डॉक्टर म्हणाले होते,
स्टेथोस्कोप तळहातावर चोळत,
गार धातू लेकराच्या छातीला लावायचा नाही म्हणून
(सेहेचाळीस डिग्रीतही ही सवय सुटत नाही त्यांची):
वंदना, जे ओरडून राहिलं ते थांबू शकते.
जे गप्प आहे, त्याच्याकडे बघत जा.

तो मे महिन्यातला सोमवार.
रस्त्याचं डांबर चपलेला धरून ठेवत होतं.
सात नंबरचा पोरगा फरशीवर लोळून
सुईच्या नावानं घसा फाडत होता,
त्याचा बाप दर दोन मिनिटांनी
माझ्या टेबलावर गाडीची किल्ली वाजवायचा.
बारा नंबरची जुळी, डोसाला आणलेली,
आई लसीच्या कार्डानंच त्यांना वारा घालत होती.

एकतीस नंबर दारापाशी उभी.
पारडीहून दोन ऑटो बदलून आलेली.
करुणा सहारे, असं लिहिलंय रजिस्टरात.
खुर्ची रिकामी होती तरी बसली नव्हती.
ओढणीखाली पोरगा, इतका शहाणा
की शेजारची बाई म्हणाली,
किती शांत आहे हो तुमचा! नाही तर आमचा.

मी ओढणी सरकवली.
ओठांवर पापुद्रे.
डोळे उघडे, पण कशावरच नाहीत.
टाळूवर बोट ठेवलं. खळगा.
शू कधी झाली?
ती आठवू लागली.
आठवावं लागलं, तेव्हाच मला समजलं.
"काल... संध्याकाळी असंन.
जुलाब परवापासून आहेत. सगळे म्हणे, दात येऊन राहिले."
आधी काहून नाही आणलं?
"ताप नव्हता ना, ताई."

एकतीस आत.
सात नंबरचा बाप उठला, सकाळी आठपासून बसलोय म्हणाला,
ओळखीवर चालतं का इथं म्हणाला.
मी म्हटलं, दादा, तुमचा रडून राहिला.
डोळ्यातून पाणी येऊन राहिलं त्याच्या.
त्याला ते टोमण्यासारखं लागलं.

आत डॉक्टरांनी पोटाची कातडी चिमटीत धरली,
सोडली.
ती सावकाश खाली गेली,
कोणी घाई नसलेलं माणूस बसते तशी.
मग त्यांनीच पोराला उचललं,
समोरच्या हॉस्पिटलात घेऊन गेले, भर उन्हात,
पायात चपला नाहीत.
जाता जाता तिला म्हणाले, आणलंस, चांगलं केलंस.
उशीर हा शब्द ते आईसमोर काढत नाहीत.
परत आल्यावर दोन पेले पाणी प्यायले
आणि म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबली असती तर...
पुढचं वाक्य बोललेच नाहीत.
बेल वाजवली. सात नंबर.

वीस दिवसांनी ती पुन्हा आली, वजनाला.
जिन्यातच कळलं.
पोरगा असा बोंबलत होता
की जुन्या कूलरचा आवाजही दबला,
गालांवरून हनुवटीपर्यंत ओघळ,
नाक वेगळं.
ती माझ्याकडे बघून हसली, ओळखीचं.
आज तर आधी सोडतील, असं काहीसं.

मी पावती फाडली.
चौतीस.
बस, म्हटलं, कूलरसमोर.
वेळ आहे.