वारा नसो

मंगळवार-गुरुवार, ड्यूटी संपली की
मासळीबाजाराच्या माडीवर एन्कार्नाबाईंचा स्पॅनिशचा वर्ग.
आम्ही सात जण: दोन आचारी, खोल्या आवरणाऱ्या तिघी,
पतंगाला बांधून लोकांना लाटांवर पळवणारा एक पोलिश पोरगा,
आणि हॉटेलच्या काउंटरवरची मी.
पाहुण्याला समुद्रकिनारा सुचवायचा, एवढाच धडा.

मी म्हटलं, सोपं आहे. तुम्ही बोलोनियाला जाता.
बाई म्हणाल्या, हाफ्सा, तो कुठे गेलाय अजून?
तुझ्यासमोर उभा आहे, नव्या कोऱ्या चपला घालून.
तू नुसतं सुचवतेयस. जाणं-न जाणं त्याच्या पायांत.
म्हणून इथे क्रियापदानं कपडे बदलायचे:
तुम्ही जावं.
टोपी न्यावी. जेलीफिशला हात लावू नये.
वारा नसो.

पोलिश पोरानं विचारलं, मग हवामान खातं कशात बोलतं?
बाई म्हणाल्या, ते निश्चितार्थात बोलतं, आणि चुकतं.

मग फळ्यावर एकच शब्द: ओखाला.
ह्याच्यापुढे काहीही ठेवा, त्याची इच्छा होते.
मी वाचला, आणि पेन खाली ठेवलं.
हा तर आमच्याकडचा. फोन ठेवताना आई म्हणते तोच,
देवाची मर्जी असेल तर, ते.
फक्त इथे शतकानुशतकं राहून बोली बदललेला,
परतीचं तिकीट हरवलेल्या मामासारखा.
खिडकीतून पलीकडे क्सार सगीरचे दिवे लागत होते.
मधे समुद्र, जेमतेम एका फेरीबोटीच्या झोपेइतका.
त्या किनाऱ्याची शिफारस मला अजून कुणी मागितलेली नाही.

जूनमध्ये एकशे चौदा नंबरला सारागोसाचे सेन्योर एलेउतेरिओ आले.
म्हणाले, असा किनारा हवाय जिथे कुणी नसावं.
'नसावं' म्हणाले. बाईंनी शिकवलं होतं:
असलेल्या जागेला साधं रूप,
न सापडलेल्या जागेला हे.

मी तयारच होते. धडाधडा बोलले:
प्लाया चिकाला जाऊ नये, तिथे ऑक्सिजनच्या टाक्यांची रांग असते.
वाल्देवाकेरोसला पतंगांची दाटी.
बोलोनियाच्या शेवटाला, वाळूच्या टेकडीपलीकडे जावं,
सातच्या आत पोचावं, पूर्वेचा लेवान्ते उठण्याआधी.
एकही चूक नाही. मनात स्वतःलाच दहापैकी दहा दिले.

त्यांनी विचारलं, आणि वारा उठलाच, तर कुठल्या बाजूनं?
हे कुणी विचारत नाही. टॉवेल उडेल का, इतकंच विचारतात.
तेव्हा दिसली मला ती निळी बॅग,
इतका वेळ त्यांनी जमिनीवर न टेकवलेली.
म्हणाले, तिला केसांत वाळू गेलेली आवडायची नाही.

माझ्याकडची सगळी वही संपली.
टॅक्सीवाल्या कुर्रोचा नंबर लिहून दिला, पावणेसहाची वेळ,
आणि चावी देताना सवयीनं म्हटलं,
जे रात्रीतून चाळीसदा म्हणते,
लिफ्टचं दार लागता लागता, पुढच्या पाहुण्याकडे बघत:
के देस्कान्से. आराम लाभो.

आणि पहिल्यांदा ऐकू आलं मला, मी काय म्हणते ते.
बंदरामागच्या कबरस्तानात दगडादगडावर हेच कोरलंय,
नुसतं 'शांतीनं' एवढं वाढवून.
वर्ष झालं, मी हे रूप बोलतेय
आणि वर्गात ते अवघड जातं म्हणून रडतेय.

त्यांनाही ऐकू आलं असावं.
बॅग छातीशी वर घेत म्हणाले,
थँक्यू. तिलाही सांगतो.

गुरुवारी गृहपाठ होता: किनाऱ्यावर पाच इच्छा लिहा.
मी चार लिहिल्या. पाचवी ओळ अशी:
त्या सकाळी बंदरावरचा झेंडा खांबाला चिकटून होता.
बाईंनी लाल पेन उचललं. ही इच्छा कुठेय, हाफ्सा?
क्रियापद तसंच ठेवलंयस.
म्हटलं, हो बाई.
हे झालं.